प्रोटॉनमधल्या स्ट्रेंज क्वार्कांची मोजणी, आणि हाती आलेलं शून्य

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये जेफरसन लॅब नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे २००५ साली हेलियमवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून एक आकडा मोजला गेला : दहा लाखांत ६.४०. क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण, आणि स्ट्रेंज हा त्यांचा एक प्रकार. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या रचनेत स्ट्रेंज क्वार्कांचा काहीच हात नसता तर हा आकडा किती यावा, हे गणित आधीच करून ठेवलेलं होतं. त्याचं उत्तर होतं ६.३७. मोजमापातली अनिश्चितता साधारण ०.२६ होती, म्हणजे दोन्ही आकडे एकच समजायचे.

गंमत अशी, की प्रोटॉनच्या आत स्ट्रेंज क्वार्क असतात याबद्दल त्या प्रयोगातल्या कुणालाही शंका नव्हती. तेव्हाही नव्हती, आजही नाही. मग हे शून्य नेमकं कशाचं? प्रोटॉनच्या आत कशाची मोजदाद करता येते आणि कशाची येत नाही, ते या प्रश्नाचा पाठपुरावा केला की बरंच उलगडतं.

शाळेतलं चित्र आपल्याला पाठ आहे. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क आणि एक डाउन, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन. अपचा विद्युतभार +२/३, डाउनचा −१/३. प्रोटॉनची बेरीज १ येते, न्यूट्रॉनची शून्य. विद्युतभाराचा हिशोब चोख जुळतो, वस्तुमानाचा मात्र साफ कोलमडतो. अप क्वार्कचं वस्तुमान सुमारे २.२ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), डाउनचं ४.७. तिघांची बेरीज नऊच्या आसपास. आणि प्रोटॉनचं वस्तुमान आहे ९३८ एमईव्ही! म्हणजे ज्यांना आपण प्रोटॉनचे 'घटक' म्हणतो त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का. बाकीचं सगळं क्वार्कांच्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांची ऊर्जा आहे.

या ऊर्जेतून सतत क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्या जन्मतात आणि विरून जातात. भौतिकीवाले याला क्वार्कांचा समुद्र म्हणतात. त्यात अप-प्रतिअप असतात, डाउन-प्रतिडाउन असतात. पण समुद्रातला अप क्वार्क आणि मूळच्या दोनांतला अप क्वार्क यांच्यात ओळखीची काही खूण नसते. निसर्गाच्या लेखी ते एकसारखेच. त्यामुळे इलेक्ट्रॉन अप क्वार्कवर आदळला तरी तो मूळचा होता की समुद्रातला, हे सांगता येत नाही.

स्ट्रेंज क्वार्कचं तसं नाही. मूळच्या तिघांत तो नसतोच. प्रोटॉनमध्ये त्याची चाहूल लागली तर तो समुद्रातूनच आलेला असणार. त्याच्याहून जड असलेला चार्म क्वार्क १२७० एमईव्हीचा, खुद्द प्रोटॉनपेक्षा भारी, त्यामुळे समुद्रात क्वचितच डोकावतो. स्ट्रेंज मात्र ९५ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे अप-डाउनइतका हलका नाही आणि अगदी अवघड जावा इतका जडही नाही. समुद्राचा अभ्यास करायचा तर धागा पकडायला याच्यासारखा दुसरा कण नाही.

स्ट्रेंज कणांशी माणसाची ओळख क्वार्क ही कल्पना निघण्याच्या बरीच आधी झाली. १९४७ साली मँचेस्टरमध्ये रॉचेस्टर आणि बटलर यांना वैश्विक किरणांच्या फोटोत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खुणा दिसल्या. ज्यांना आज आपण केऑन म्हणतो ते हे कण. पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या टीआयएफआरमध्येही बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यशपाल ही मंडळी फुग्यांनी उंच पाठवलेल्या फोटोग्राफिक पट्ट्यांत याच कणांचे माग शोधत होती. गेलमन आणि झ्वाइग यांनी क्वार्कांची कल्पना मांडली १९६४ मध्ये. तेव्हापासून केऑनमध्ये एक स्ट्रेंज क्वार्क किंवा प्रतिस्ट्रेंज असतो असं आपण म्हणतो.

केऑनचा विषय इथे काढायला कारण आहे. प्रोटॉन क्षणभर लॅम्डा नावाचा कण आणि एक केऑन अशा जोडीत फुटून पुन्हा एकत्र येऊ शकतो. लॅम्डात अप, डाउन आणि स्ट्रेंज. केऑनमध्ये अप आणि प्रतिस्ट्रेंज. लॅम्डा जड, म्हणून तो मध्याजवळ राहतो. केऑन हलका, तो बाहेरच्या बाजूला फिरतो. असं होत असेल तर स्ट्रेंज क्वार्क सरासरीने आत आणि प्रतिस्ट्रेंज बाहेर, अशी त्यांची थोडीशी फारकत होईल. ही फारकत पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, तेवढी ध्यानात असू द्या.

१९८८ सालापर्यंत या सगळ्याकडे फारसं कुणी गांभीर्याने पाहत नव्हतं. त्या वर्षी सर्न प्रयोगशाळेतल्या ईएमसी या गटाने प्रोटॉनच्या स्पिनचे, म्हणजे कणाच्या स्वतःभोवती फिरण्यासारख्या अंगभूत गुणाचे, निकाल छापले आणि सगळ्यांची झोप उडाली. प्रोटॉनचा स्पिन त्यातल्या क्वार्कांच्या स्पिनमुळे येत असणार, हा तोवरचा सरळ समज. ईएमसीच्या मोजमापात क्वार्कांच्या स्पिनचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि अनिश्चितता एवढी होती की शून्यही चाललं असतं. त्याच हिशोबातून आणखी एक गोष्ट बाहेर पडली. स्ट्रेंज क्वार्कांचा स्पिन प्रोटॉनच्या उलट दिशेला आहे आणि तोही दुर्लक्ष करता येणार नाही इतका.

त्याच सुमारास पायॉन नावाचे हलके कण आणि प्रोटॉन यांच्या टकरींच्या विश्लेषणातून असा सूर निघत होता की प्रोटॉनच्या वस्तुमानातही स्ट्रेंज क्वार्कांचा मोठा वाटा असावा, कदाचित तिसऱ्या हिश्श्याएवढा. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच पाहुण्याचं नाव पुढे येत होतं. मग साहजिक प्रश्न पडला : प्रोटॉनचा विद्युतभार जसा पसरलेला आहे आणि त्याचं जे चुंबकत्व आहे, त्यातही या पाहुण्याचा हात असेल का? चुंबकत्वातल्या वाट्याचे जे अंदाज छापून आले त्यांत परिमाणावर तर एकमत नव्हतंच, चिन्ह धन की ऋण यावरही नव्हतं. काही अंदाज −०.३ न्यूक्लियर मॅग्नेटॉनपर्यंत (हे अशा कणांचं चुंबकत्व मोजायचं एकक) जात होते. एवढा परिणाम खरा असेल तर तो मोजता येणार, हे उघड होतं.

पण मोजायचं कसं? इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवला की दोघांमध्ये फोटॉनची देवाणघेवाण होते, आणि फोटॉनला फक्त विद्युतभार कळतो. डाउनचा भार −१/३, स्ट्रेंजचाही −१/३. फोटॉनच्या दृष्टीने दोघे सारखेच.

कँटीनच्या बिलाचं उदाहरण घेऊ. वडे, भजी आणि चहा यांचे दर तुम्हाला माहीत आहेत, बिलाची रक्कमही माहीत आहे, पण कोणती वस्तू किती मागवली ते माहीत नाही. अज्ञात संख्या तीन, बिल एक. प्रोटॉनवरचं मोजमाप हे पहिलं बिल. न्यूट्रॉनवरचं दुसरं, कारण प्रोटॉनमधल्या अपची जागा न्यूट्रॉनमध्ये डाउन घेतो आणि डाउनची अप, स्ट्रेंज दोन्हीकडे सारखाच. या अदलाबदलीत किंचित त्रुटी असते, पण ती इथे अडचण करण्याइतकी नाही. दोन बिलं झाली तरी अज्ञात तीनच. तिसरं बिल हवं, आणि ते त्याच ऑर्डरचं पण वेगळ्या दरपत्रकाने केलेलं हवं.

ते दुसरं दरपत्रक निसर्गात आहे. क्षीण बलाचा वाहक असलेला झेड बोसॉन क्वार्कांना विद्युतभाराच्या दराने मोजत नाही. त्याच्या लेखी अपची किंमत साधारण +०.३८, डाउन आणि स्ट्रेंजची −०.६९. हा 'क्षीण भार' वापरून प्रोटॉनकडे पाहता आलं तर तिसरं समीकरण मिळतं आणि तिन्ही क्वार्कांचा हिशोब सुटतो. डेव्हिड कॅप्लन आणि अनीश मनोहर यांनी १९८८ मध्ये हा मार्ग स्पष्टपणे दाखवला. त्यानंतर मॅकियन आणि बेक यांनी त्याचं प्रयोगात रूपांतर कसं करायचं ते मांडलं.

अडचण एकच, पण भली मोठी. झेड बोसॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे ९७ पट. कमी ऊर्जेच्या टकरीत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जवळजवळ नेहमी फोटॉनच वापरतात. झेडचा थेट परिणाम शोधायला गेलो तर तो फोटॉनच्या गदारोळात सापडणारच नाही. इथे पुंजभौतिकी मदतीला येते. एखादी घटना दोन वाटांनी होऊ शकत असेल तर दोन्ही वाटांच्या लहरी आधी एकमेकींत मिसळतात आणि शक्यता त्यानंतर ठरते. या मिसळण्यातून एक मिश्र पद निघतं : फोटॉन गुणिले झेड. झेडचा निव्वळ परिणाम दहा लाखाच्या दहा लाखांश भागाएवढा असला तरी हे मिश्र पद दहा लाखात काही एकक एवढं असतं. ते पकडणं जमू शकतं.

आणि त्याला ओळखायची खूणही मिळते. फोटॉन उजव्या-डाव्यात भेद करत नाही, झेड करतो. ज्या इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या धावण्याच्या दिशेला असतो त्याला उजवा म्हणू, उलट असतो त्याला डावा. निसर्ग आरशातल्या प्रतिबिंबाशी प्रामाणिक नाही हे १९५७ मध्ये चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टच्या प्रयोगाने सिद्ध झालं होतं. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यातही हा भेद दिसायला हवा असं झेल्डोविच यांनी १९५९ मध्ये सुचवलं, आणि १९७८ मध्ये स्टॅनफर्डच्या स्लॅकमध्ये चार्ल्स प्रेस्कॉट यांच्या गटाने तो खरोखर मोजला. त्या प्रयोगातला भेद होता दहा हजारांत एक या घरातला. स्ट्रेंज क्वार्कांसाठी त्याच्याही शंभरएक पट बारीक जायचं होतं.

सुरुवातीचा ६.४० हा आकडा म्हणजे हाच भेद. परावर्तित झालेल्या दहा लाख इलेक्ट्रॉनांपैकी उजव्या माऱ्यातले ५,००,००३ आणि डाव्या माऱ्यातले ४,९९,९९७. फरक सहाचा. हा सहा खरा आहे, योगायोग नाही, हे कसं ठरवणार? संख्याशास्त्र सांगतं की दहा लाखांच्या मोजणीत नुसत्या योगायोगानेच हजारभराचा फरक पडू शकतो. दहा लाखात ०.१ एवढ्या अचूकतेने उत्तर हवं असेल तर १०० लाख कोटी इलेक्ट्रॉन मोजावे लागतात. एकेक करून मोजायचे म्हटलं तर इलेक्ट्रॉनिक्सचा जीव जातो. म्हणून हॅपेक्स या जेफरसन लॅबमधल्या प्रयोगात शोधकातून निघणाऱ्या प्रकाशाची एकूण बेरीजच घेतली जायची. सेकंदाला कोटीच्या घरात इलेक्ट्रॉन येत असताना दुसरा इलाज नव्हता. जर्मनीत माइन्त्सच्या ए-फोर गटाने मात्र हट्टाने एकेक इलेक्ट्रॉन मोजला आणि त्यासाठी लेड फ्लोराइडचे १०२२ स्फटिक एकत्र लावले. मला हा हट्ट आवडतो, पण त्याची किंमतही मोजावी लागली असणार.

यंत्रणा कशी चालायची ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या एका चकतीवर लेसरचा वर्तुळाकार ध्रुवीकरण केलेला प्रकाश पडतो आणि तिच्यातून ठरावीक दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. लेसरच्या वाटेत पॉकेल्स सेल नावाचा स्फटिक असतो. त्याच्यावरचा विजेचा दाब उलटा केला की प्रकाशाचं ध्रुवीकरण उलटतं आणि इलेक्ट्रॉनांचा स्पिनही. हे सेकंदाला ३० वेळा करायचं, दर खेपेला ३३ मिलिसेकंद. हा आकडा उगीच निवडलेला नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, म्हणून प्रत्येक खिडकीत बरोबर दोन पूर्ण आवर्तनं बसतात आणि विजेच्या गुणगुणीचा परिणाम आपोआप पुसला जातो.

उजवा-डावा हा क्रम ठरावीक ठेवायचा नाही, संगणकाने यदृच्छेने निवडायचा. सध्या कोणता चालू आहे ही खबर मोजणाऱ्या उपकरणांना मुद्दाम उशिरा द्यायची, नाहीतर त्या खबरेचाच विद्युतसंकेत तारांमधून झिरपून खोटा फरक तयार करेल. शिवाय दर काही तासांनी लेसरच्या वाटेत एक पातळ पट्टी सरकवायची, जिच्यामुळे इलेक्ट्रॉनांची दिशा उलटते पण बाकीच्या विजेच्या यंत्रणेला त्याचा पत्ता नसतो. खरा परिणाम असेल तर त्याने चिन्ह बदललं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सने केलेली लबाडी असेल तर ती तशीच राहील. निकालांच्या आलेखात ही वरखाली उडी दिसली की प्रयोग करणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

यापुढचा शत्रू म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोतच. उजव्या माऱ्यात झोत केसभर इकडे आणि डाव्यात केसभर तिकडे पडला, तरी शोधकात पोहोचणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. केसभर हा शब्द इथे फार ढोबळ झाला. सगळ्या कालावधीची सरासरी घेतल्यावर दोन झोतांच्या जागेतला फरक काही नॅनोमीटरमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे काही डझन अणू शेजारी-शेजारी ठेवल्यावर होईल तेवढा. झोताची ऊर्जा आणि प्रवाह हेही दोन्ही दिशांना सारखेच हवेत. त्यात लक्ष्य म्हणून उणे २५३ अंशांवरचं द्रवरूप हायड्रोजन, आणि त्यात झोतामुळे शेकडो वॅट उष्णता ओतली जाते. एका बिंदूवर झोत रोखला तर द्रव उकळून बुडबुडे होतील, म्हणून झोत काही मिलिमीटरच्या चौकोनात सतत फिरवत ठेवायचा. माझ्या मते या प्रयोगांचं खरं कर्तृत्व इथे आहे. सिद्धांत दोन पानांत सांगून होतो, पण चकतीपासून बुडबुड्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी खोटा फरक दबा धरून बसलेला असतो.

असे चार प्रयोग झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी-बेट्स प्रयोगशाळेत सॅम्पल, माइन्त्समध्ये ए-फोर, आणि जेफरसन लॅबमध्ये हॅपेक्स आणि जी-झीरो. पुढच्या दिशेला जाणारे इलेक्ट्रॉन मोजले की विद्युतभार आणि चुंबकत्व यांची मिसळ मिळते, मागे उसळणारे मोजले की चुंबकत्वाचा भाग जास्त दिसतो. न्यूट्रॉनचं सुटं लक्ष्य बनवता येत नाही, म्हणून सॅम्पल आणि जी-झीरो यांनी ड्यूटेरियम वापरलं, ज्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. हेलियम-४ ही हॅपेक्सची खास चाल. त्याच्या अणुकेंद्रकाचा स्पिन शून्य, त्यामुळे चुंबकत्वाचा घोळच नाही. तिथे विद्युतभाराचा स्ट्रेंज वाटा एकटा सापडतो.

निकालांची कथा सरळ नाही. सॅम्पलने आधी स्ट्रेंज चुंबकत्व धन दाखवलं, पण अनिश्चितता आकड्याएवढीच मोठी. २००५ मध्ये जी-झीरोचे आकडे आले आणि त्यांनी 'स्ट्रेंजचा परिणाम शून्य' ही शक्यता ८९ टक्के खात्रीने नाकारली. भौतिकीत ८९ टक्के म्हणजे काहीच नाही, पण कुतूहल चाळवायला पुरे. माइन्त्सचे आकडेही त्याच बाजूला झुकत होते. दरम्यान ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे डेरेक लाइनवेबर, अँथनी थॉमस आणि त्यांचे सहकारी संगणकावरच्या गणिताने उलटंच सांगत होते : चुंबकत्वाचा स्ट्रेंज वाटा −०.०४६, कमी-जास्त ०.०१९. चिन्ह ऋण आणि परिमाण चिमूटभर.

२००७ मध्ये हॅपेक्सच्या दुसऱ्या फेरीचे निकाल छापून आले. हेलियमवर शून्य, हायड्रोजनवरही शून्य. हायड्रोजनचा भेद दहा लाखात −१.५८ निघाला. २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीचे निकाल आले. जी-झीरोच्या आकड्यांत जिथे झुकाव दिसत होता त्याच भागात, म्हणजे प्रोटॉनला जरा जास्त जोराचा धक्का बसतो तिथे, नेम धरून मोजलं. तिथेही शून्य. झुकाव विरून गेला.

संगणकाचा −०.०४६ खरा मानला तर स्ट्रेंजच्या −१/३ भाराने गुणून प्रोटॉनच्या २.७९ या चुंबकत्वात त्याचा हिस्सा साधारण अर्धा टक्का येतो. प्रयोग इतके बारीक नाहीत. ते एवढंच सांगतात की विद्युतभाराच्या पसाऱ्यात आणि चुंबकत्वात स्ट्रेंजचा वाटा फार तर काही टक्के. तीसेक वर्षांपूर्वी छापलेल्या बहुतेक मोठ्या अंदाजांना यात जागा उरली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. फोटॉन असो की झेडचा हा भाग, दोघेही क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांना विरुद्ध चिन्हाने मोजतात. स्ट्रेंजचा भार −१/३, प्रतिस्ट्रेंजचा +१/३. प्रोटॉनमध्ये दोघांची संख्या नेहमी सारखीच, कारण ते जोडीनेच जन्मतात. म्हणून एकूण स्ट्रेंज भार शून्य असणार हे मोजण्याआधीच ठरलेलं. प्रयोगाने मोजली ती दोघांची जागा. स्ट्रेंज आत आणि प्रतिस्ट्रेंज बाहेर अशी फारकत असती, तर जवळून पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला ती जाणवली असती. शून्याचा अर्थ एवढाच की लॅम्डा-केऑनसारखी फारकत होत असली तरी फार थोडी. दोघे बहुतेक वेळ एकाच जागी असतात आणि एकमेकांना झाकतात. प्रोटॉनमध्ये स्ट्रेंज क्वार्क 'नाहीत' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते या प्रयोगातून निघत नाही, एवढं आवर्जून सांगावंसं वाटतं.

कारण दोघांची वजाबाकी न करता बेरीज करणारी मोजमापं वेगळंच सांगतात. फर्मीलॅबमध्ये सीसीएफआर आणि न्यूटेव्ह या प्रयोगांत न्यूट्रिनोंचा मारा केला. न्यूट्रिनो स्ट्रेंज क्वार्कवर आदळला की एक म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) बाहेर पडतो आणि स्ट्रेंजचा चार्म होतो. तो चार्म विघटन पावताना विरुद्ध भाराचा दुसरा म्युऑन सोडू शकतो. एकाच टकरीतून दोन विरुद्ध म्युऑन निघाले की तिथे स्ट्रेंज क्वार्क होता याची पावती मिळाली. या पावत्या हजारोंनी मिळाल्या. जोरात धावणाऱ्या प्रोटॉनचा साधारण तीन-चार टक्के संवेग स्ट्रेंज आणि प्रतिस्ट्रेंज मिळून वाहून नेतात, अर्थात किती बारीक नजरेने पाहतो त्यावर हा आकडा थोडा बदलतो.

न्यूट्रिनोंच्या हिशोबात समुद्रातले स्ट्रेंज हे समुद्रातल्या अप-डाउनच्या निम्म्याच्या आसपास निघाले. जड असल्यामुळे कमी जन्मतात, हे पटण्यासारखं. मग २०१२ मध्ये सर्नच्या ॲटलास प्रयोगाने डब्ल्यू (क्षीण बलाचा दुसरा वाहक) आणि झेड बोसॉनांच्या मोजणीतून निष्कर्ष काढला की संवेगाच्या कमी भागात स्ट्रेंज आणि डाउन समुद्र सारखेच आहेत. सीएमएस प्रयोगात, ज्यात आपली टीआयएफआर सहभागी आहे, डब्ल्यूसोबत चार्म निघतो अशा घटना मोजल्या, आणि त्यातून निघालेलं प्रमाण न्यूट्रिनोवाल्यांच्या जवळ जाणारं होतं. या मतभेदावर अजून चर्चा चालू आहे.

ज्या स्पिनच्या कोड्याने हे सगळं सुरू केलं त्याचं काय? क्वार्कांच्या स्पिनचा वाटा आता ३० टक्क्यांच्या आसपास मानला जातो, म्हणजे १९८८ इतकं भयंकर चित्र राहिलेलं नाही. स्ट्रेंजच्या वाट्याबद्दल मात्र वाटेनुसार उत्तर बदलतं. एकूण टकरींच्या हिशोबातून तो ऋण येतो. जर्मनीतल्या हर्मीस प्रयोगाने बाहेर पडलेले केऑन वेचून मोजलं तर शून्याच्या आसपास आला. संगणकाचं गणित मधे कुठेतरी, किंचित ऋण.

वस्तुमानाच्या बाबतीत संगणकाने जुना तिसऱ्या हिश्श्याचा अंदाज मोडीत काढला. आता स्ट्रेंजचा वाटा ४० ते ५० एमईव्ही येतो, प्रोटॉनच्या ५ टक्क्यांच्या आसपास. कृष्णद्रव्याच्या शोधकांना याची झळ बसली. कृष्णद्रव्याचा कण हिग्ज बोसॉनच्या मार्फत अणुकेंद्रकाला धडकणार असेल, तर ती धडक किती जोराची हे याच आकड्यावर बऱ्यापैकी अवलंबून आहे. आकडा उतरला तशी कृष्णद्रव्य टिपायला भरून ठेवलेल्या झेनॉनच्या टाक्यांमध्ये अपेक्षित असलेल्या घटनांची संख्याही उतरली.

आणि हॅपेक्सच्या त्या शून्याचा उपयोगही झाला. स्ट्रेंजचा वाटा छोटा आणि माहीत असल्यामुळे हीच पद्धत उलटी वापरता आली. दोन अप आणि एक डाउन यांच्या क्षीण भारांची बेरीज करून पाहा : ०.३८ दोनदा, वजा ०.६९, उरतात जेमतेम ०.०७. एवढ्या छोट्या आकड्यात एखाद्या अज्ञात कणाचा थोडासाही हात असेल तर तो लगेच उठून दिसेल. जेफरसन लॅबच्या क्यूवीक प्रयोगाने तो मोजला आणि २०१८ मध्ये निकाल दिला : ०.०७१९, कमी-जास्त ०.००४५. कणभौतिकीच्या प्रमाण सिद्धांताचं भाकीत ०.०७०८. तिथे मोजायचा उजव्या-डाव्यातला भेद अब्जात २२६.५ होता, म्हणजे दहा लाखात पाव एककाहूनही कमी. ड्यूटेरियमच्या, हेलियमच्या आणि हायड्रोजनच्या आधीच्या सगळ्या मोजमापांशिवाय स्ट्रेंजचा भाग त्यातून वजा करता आला नसता.

पुढची मोजणी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत उभारल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरवर व्हायची आहे. तिथे स्पिनची दिशा ठरवलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही समोरासमोर आदळतील आणि बाहेर पडणारे धन आणि ऋण केऑन वेगवेगळे ओळखले जातील. स्ट्रेंज आणि प्रतिस्ट्रेंज यांचा स्पिन आणि संवेग वेगळा आहे का, हे तिथे एकत्र न करता पाहता येईल.